फ्रिगेटवरचा मालवणी

बाबा, तो मालवणचा खलाशी मीच घुसवला होता. इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात, जिथे कोणीही काहीही लिहू शकतं, तुझ्या त्या लाडक्या ब्रिटिश फ्रिगेटच्या पानावर, एक वाक्य टाकलं: सुकाणूवर मालवणचा एक खलाशी होता आणि त्याच्यामुळेच जहाज वादळातून वाचलं. नववीत होतो. तुझी फिरकी घ्यायची होती, बस.

फ्रिगेट म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचं शिडाचं लढाऊ जहाज, हे मला पाठ, कारण जेवताना तू रोज तेच लावायचास. फ्रेंचांची गलबतं कशी पकडली, इथे अमेरिकेच्या किनाऱ्यावर कसं लढलं, म्हातारं झाल्यावर डोलकाठ्या काढून आत कैदी कसे कोंबले, आणि शेवटी सरपणाच्या भावात कसं विकलं. मी मध्ये काही बोललो की म्हणायचास, "तू गप रे, थापाड्या." माझं एक वाक्य कधी खरं मानलं नाहीस यार. तेच स्क्रीनवर वाचलंस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालवणचाच ना तू.

वाटलं, दोन दिवस मजा बघू, मग सांगू. तू तर आपल्या गावच्या, पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात भाषणच ठेवलंस, स्लाइड्स वगैरे. मी पहिल्या रांगेत समोसा खातोय. तू खलाशाची स्लाइड लावतोस, आणि मागून ते पुण्याचे काका फोनमध्ये बघत, अगदी गोड आवाजात विचारतात, "अहो, हे वाक्य तर गेल्या मंगळवारी टाकलंय. तेही पिस्कॅटवेहून. तुम्हीच का?" हॉल हसतो. तू माझ्याकडे बघतोस. मी समोशाकडे.

"हो, मीच," तू म्हणालास.

गाडीत तू बातम्या लावल्यास. एक थोबाडीत ठेवून द्यायची होतीस ना. नंतर ते जहाज घरातून गेलंच, जेवतानाही त्याचं नाव निघालं नाही. मंडळात लोक तुला "काय खलाशी" म्हणायचे, तू हसायचास, मग तिकडे जाणंच बंद केलंस. आणि तसाच गेलास, सगळ्यांच्या लेखी खोटारडा. मला वाचवलंस म्हणून थँक यू म्हणू? इतकी वर्षं झाली, मला अजून तुझाच राग येतो. विचारलं असतंस तर मी बोललो असतो. कदाचित. नसतो बोललो.

आई अजून म्हणते, "माणूस सोन्यासारखा होता, तेवढा एक खोटेपणा करायला नको होता." मी वरण वाढून घेतो आणि मान हलवतो. हे पत्र तिच्या हाती लागायच्या आत फाडणारे. तूही सांगू नकोस, प्लीज. तिच्या स्वप्नात येतोस म्हणे. ये, पण हे बोलू नकोस. कोणालाच नको.