कुर्त्याच्या खिशातलं ठेंगणं

१२ सप्टेंबर, शुक्रवार. अल अमेरात, मस्कत.
मेधा आणि सई कुरुमला खरेदीला गेल्या. मी पाठ दुखते म्हणून घरी. पाठ ठणठणीत आहे. सकाळभर छोट्या पिस्तुलांचे व्हिडिओ बघितले. खिशात लपवून नेता येतील अशी, त्यांची तुलना. एक गोरा म्हातारा एकेक खिशात घालतो, खाली बसतो, उठतो, वळतो आणि विचारतो, दिसलं का? मला तरी दिसत नाही. पन्नाशी उलटली, लाकूडकामाच्या वर्कशॉपात डिझायनरची नोकरी, आणि अभ्यास कसला तर हा. बायको पोरगी घरी यायच्या आत हिस्टरी पुसली.

१५ सप्टें., सोम.
तीन पक्की केली. खरी नावं नकोत. चपटं, ठेंगणं, पोटवालं.
चपटं: पाकिटासारखं बसतं. पण मूठ आखूड, करंगळी हवेत. हलकं म्हणून झटका जास्त, असं म्हातारा म्हणतो.
ठेंगणं: जाड, जड. हातात मात्र भरतं. गोळ्या जास्त, खटका बरोबर अंगठ्याखाली.
पोटवालं म्हणजे रिव्हॉल्वर. अडकायची भीती नाही, पण चाप ओढायला जोर लागतो आणि ते गोल पोट पँटवर उमटतं.
यातलं आपल्याकडे काय मिळेल देव जाणे. आधी परवाना. शाळेतला पाटकर तालुक्याला वकिली करतो, त्याला फोन केला. म्हणाला, "डिसेंबरात सुट्टीवर ये, पोलीस चौकशीला बोलावतील. पण तुला कशाला रे ही भानगड?" म्हटलं, पुढच्या वर्षी इथलं खलास, कायमचा गावी येतोय, घर आडबाजूला. अनंताचं नाव घेतलं नाही.

१९ सप्टें., शुक्र.
मे महिन्यातलं लिहायचं टाळतोय. लिहून टाकतो.
अनंता, माझा चुलतभाऊ. हद्दीचा गडगा मी त्याच्या बाजूला सरकवला म्हणे. मी इथे, गडी तिथे, गडगा पावसात ढासळलेला, त्यांनी परत रचला. कुठे रचला ते मी बघितलंही नव्हतं. सुट्टीत गावी गेलो तेव्हा अंगणात माझी कॉलर धरली त्याने. मेधा आणि सईसमोर. आणि मी सॉरी म्हणालो. परत परत म्हणत राहिलो. त्याने सोडल्यावर शर्ट नीट केला, सईकडे बघायची हिंमत झाली नाही.
आणि हाच अनंता वर्षभर माझ्या बंद घरात तिन्हीसांजेला दिवा लावतो. ते आठवलं की राग टिकत नाही. राग गेला की नुसती लाज.

२४ सप्टें., बुध.
जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपात तिन्हीचे लाकडी नमुने कापले, मापात. आतून पोखरून शिसं भरलं, मासे पकडायच्या गळाला लावतात ते, मुत्र्याच्या बाजारातलं. काट्यावर वजन बरोबर येईपर्यंत. एवढं नेटकं काम कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलं नसेल.
सलीम आला. आमचा साइट सुपरवायझर, ओमानी. "ये क्या, मोहनभाई?"
"बेटी का स्कूल प्रोजेक्ट."
झालं, पोरीच्या नावावर खपवलं.
त्याने मग भावाच्या लग्नाचे फोटो दाखवले. कमरेला चांदीचा खंजर, अगदी पुढे, मध्यावर. मी उगाच विचारलं, कभी निकाला है? हसला. "ये सबको दिखाने का है. गुस्से में निकाला तो ऐब है, ऐब. शरम की बात."
मी नमुने फडक्यात गुंडाळले.

२६ सप्टें., शुक्र.
समुद्रकाठी कॉर्निशवर फिरायला. चपटं पँटच्या खिशात. लाकडाचं आहे हे माहीत असून पोलिसांची गाडी दिसल्यावर खिशावर हात ठेवला.
पण पाठ ताठ होती. मेनंतर पहिल्यांदा. समोरच्याला वाट न देता सरळ चाललो. आवडलं मला ते. आवडलं, हे लिहिताना स्वतःचीच किळस येते.
सई मागून म्हणाली, "बाबा, why are you walking like that?"

२ ऑक्टोबर, दसरा.
काय लिहू.
संध्याकाळी ओळखीतल्या दामल्यांकडे. कुर्ता घातलेलाच होता, म्हटलं कुर्त्याच्या खिशाची परीक्षा होऊन जाऊ दे. ठेंगणं घातलं. गाडीत बसताना ठीक, जिन्यात थोडं हेलकावलं. व्हिडिओतला म्हातारा कुर्ता घालत नाही, त्यामुळे हा मुद्दा त्याच्याकडे नाही, असा विचारही आला डोक्यात. गाढव!
दामल्यांचे वडील गावाहून आलेत. येताना आपट्याची पानं आणली. सोनं देऊन त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि ठेंगणं घसरलं. फरशीवर असं वाजलं की सगळ्यांच्या माना वळल्या.
आजोबांनी उचललं. "अरे मोहन, दसऱ्याचं शस्त्र घेऊन आलास होय!" सगळे हसले.
मी म्हणालो, "सईचं आहे. शाळेच्या नाटकातलं."
मेधाने माझ्याकडे बघितलं. सईनेही. चौदा वर्षांची आहे, मराठी अडखळत बोलते, पण हे स्वच्छ बोलली. "हो आजोबा. माझं आहे."
"बरंच जड गं."
"हो. खरं वाटायला पाहिजे ना."
दामलेवहिनींनी गमतीने ते देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. सगळ्यांनी फोटो काढले. मी श्रीखंड खाल्लं. दोन वाट्या खाल्ल्या.

३ ऑक्टो., शुक्र.
मेधा एवढंच म्हणाली, "पोरीला खोटं बोलायला लावलंस."
अनंताचा मेसेज. आपट्याच्या पानांचा फोटो, मागे आमच्या घराची ओटी, त्यावर दिवा. दसऱ्याच्या शुभेच्छा, सईला आशीर्वाद. उत्तर दिलं नाही.

१० ऑक्टो., शुक्र.
सईला क्लासवरून आणताना. गाडी लाल सिग्नलला थांबली. मग,
"बाबा, ते अनंतकाकासाठी आहे?"
नाही म्हणालो. मग म्हणालो, स्वतःच्या सेफ्टीसाठी.
"त्या दिवशी तू सॉरी म्हणालास ना... I was proud, बाबा. काका ओरडत होता, तू नाही. मला वाटलं, माझा बाबा चांगला आहे."
सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवत राहिला. पाच महिने मला वाटत होतं की पोरीने माझा भित्रेपणा बघितला. तिने बघितलं ते वेगळंच. आणि ते मी आता घालवलं.

७ नोव्हेंबर, शुक्र.
डिसेंबरच्या सुट्टीची तिकिटं आली. चपटं आणि पोटवालं वर्कशॉपच्या भुश्शात टाकून दिलं. ठेंगणं कपाटात आहे. कुंकू अजून आहे त्यावर, टाकवत नाही. पाटकरला 'नको' कळवायचंय. फोन हातात घेतो, ठेवतो. पाठ ताठ झालेली आठवते.
सई म्हणाली, गावी यायचं नाही. मेधाने समजावलं. शेवटी माझ्याकडे आली. "येते. पण घराजवळ गाडीतून उतरायच्या आधी तू मला खिसे दाखवायचे. रोज."
"दाखवीन," म्हणालो.
ती उभीच राहिली थोडा वेळ, आणखी काही बोलेन म्हणून. अनंताला किती पटकन सॉरी म्हणालो होतो. हिच्यासमोर तोंड उघडेना. मग ती अभ्यासाला गेली.