नमुना एकोणीस-ख

४ फेब्रुवारी १९६३, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. दाखवण्यासारखा माणूस या गावात आहे कुठे?
पंचायत समितीच्या कचेरीत हेडक्लार्क होऊन नऊ महिने झाले. बीडीओ साहेबांना सही कुठे करायची एवढंच ठाऊक. हाताखाली दोन क्लार्क. डोमाजी मॅट्रिक फर्स्ट क्लास आहे आणि ते त्याच्या चालण्यातही दिसतं. बाबूसिंग तांड्यावरचा, अक्षर बरं, हसणं फार.
जूनमध्ये यवतमाळला सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी होते आहे. जिल्ह्यात लायक माणूस एकच.
निश्चय: रोज पाचला उठणे. पान बंद.

५ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. घड्याळ हिच्या, शकूच्या, माहेरचं. काय अपेक्षा करणार?

१२ फेब्रुवारी
चहाच्या वेळी रेकॉर्ड रूममधून खिदळणं ऐकू आलं. आत गेलो तर दोघं फायलींत डोकं घालून. दौतीखाली एक कागद सापडला, सुंदर आखलेला. वर 'नमुना एकोणीस-ख'. रकाना १: या नमुन्याचा क्रमांक. रकाना २: रकाना १ भरला काय? रकाना ३: नसल्यास कारण. रकाना ४: कारण नसल्यास तसे नमूद करावे. खाली टीप: हा नमुना भरल्याचा दाखला सोबत जोडावा.
तीनदा वाचला. एवढा मुद्देसूद कागद या कचेरीत कधी झाला नव्हता. फक्त 'शेरा'चा रकाना नाही. तो मी घातला.

१३ फेब्रुवारी
डोमाजीला बोलावलं. तो म्हणाला, "बडे बाबू, तो नमुना काहीच करत नाही. जसा जाते तसाच वापस येते. आम्ही गंमत करून राह्यलो होतो." दोघांची पैज असते म्हणे, सगळ्यात बिनकामाचा कागद कोण काढतो याची. मागच्या आठवड्यात बाबूसिंगने गैरहजर कर्मचाऱ्यांनी सही करायचं रजिस्टर काढलं होतं.
आपण काय केलं हे यांनाच कळत नाही. कळायला अनुभव लागतो. नमुना माझ्या नावाने पुढे पाठवणं भाग आहे.

२० फेब्रुवारी
साहेबांनी सही केली. कुठे करू, एवढं विचारलं. सहाशे प्रती सायक्लोस्टाइल. प्रत्येक अर्जाला नमुना सक्तीचा.
पान एकच खाल्लं. शाईचा वास जायला.

११ मार्च
लोक अडाणी आहेत. रकाना २ मध्ये कोणी 'हो' लिहितो, कोणी 'देवाच्या कृपेने'.
नेरकडच्या तांड्यावरची लालीबाई आली होती. त्यांची विहीर पावसाळ्यात ढासळली, बाया अर्धा कोस नाल्यावर जातात. ओव्हरसियरचा अंदाज झाला, मंजुरी झाली, कागद फक्त माझ्या टेबलावरून पुढे जायचा बाकी. पण नमुना नाही. परत पाठवली. ती म्हणाली, "बाबू, हा कागद लावला तं पानी येईन का?" मी म्हटलं, असले प्रश्न शेऱ्यात लिहायचे नसतात.
बाबूसिंग तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. दोघं माझ्याकडे बघत होते. आदराने असावं.

२५ मार्च
बाबूसिंगने तिचा नमुना स्वतः भरून आणला. पण दाखला कुठे? दाखल्याला अर्ज लागतो, अर्जाला नमुना लागतो, नमुन्याला दाखला. डोमाजी म्हणाला, "हे कधी संपनारच नाही, बडे बाबू." मी त्याला समजावलं की न संपणाऱ्या कामालाच पद्धत म्हणतात. तो माझ्याकडे बघतच राहिला. पहिल्यांदाच काहीतरी शिकला असावा.

२ एप्रिल
नमुना मागे घ्यावा असा दोघांनी लेखी अर्ज दिला. मत्सर. त्यावर लाल शाईने लिहिलं: 'नमुना अत्यावश्यक. अर्ज नामंजूर.' तो अर्जही बिननमुन्याचाच होता.
नमुन्याची माहिती जिल्ह्याला कळवली. हल्ली रेकॉर्ड रूममध्ये कोणी हसत नाही. शिस्त येते आहे.

१८ एप्रिल
ऊन भयंकर. डोमाजीने सांगितलं, लालीबाईची सासू भरला हंडा घेऊन नाल्याच्या चढावर पडली. मांडीचं हाड मोडलं. सांगून झाल्यावरही तो जाईना. मी म्हटलं, उतारवयात हाडं ठिसूळ होतात.
रात्री जेवण गेलं नाही. उन्हामुळे. शकूने विचारलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईचा कागद पाठवून द्या नं तुमी." बायकांना कचेरी कळत नाही. पाठ करून झोपलो. झोप उन्हामुळेच आली नाही.

१० मे
नमुना पाहायला जिल्ह्याहून साहेब येताहेत. नवा कोट शिवायला टाकला. आरशासमोर भाषण केलं. शकू स्वयंपाकघरात निघून गेली.

१४ मे, मंगळवार
साहेब आले. तरुण आहेत, पोरसवदा. नमुना दोनदा वाचला. विचारलं, हा कशासाठी? मी म्हटलं, जोडण्यासाठी. वाचतं कोण? मी. वाचून काय करता? परत ठेवतो.
बीडीओ साहेब म्हणाले, मी फक्त सही केली.
काढला कोणी, असं विचारलं तेव्हा मी मनाचा मोठेपणा दाखवून डोमाजीचं नाव घेतलं. तो उभा राहिला. "हो साहेब, मीच आखला. गंमत म्हणून. बडे बाबूंले तवाच सांगतलं होतं." आणि माझ्या लाल शाईचा अर्ज त्यांच्या हातात दिला. त्याखाली लालीबाईची फाइल. साहेबांनी उभ्या उभ्याच सही केली. एक मिनिटही लागलं नाही.
मला म्हणाले, विहीर पुरी होईपर्यंत तांड्यावर जाऊन उभे राहा. रोजचा रिपोर्ट पाठवा.
विश्वासाचं काम दिसतं.

३ जून, सोमवार. तांडा
सुपरिंटेंडेंटच्या जागेवर पुसदचा माणूस गेला. शकूने डब्यातल्या चिठ्ठीत कळवलं, दोन ओळी.
गाळ निघतो आहे, पाणी अजून नाही. एसटी फाट्यावर सोडते, पुढे चालत. आज पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. लालीबाईच्या दारात बसलो. म्हातारी आत खाटेवर होती, पाय लाकडाला बांधलेला. लालीबाईने नाल्यावरच्या पाण्याचा तांब्या दिला. मी बरंच काही बोलायचं ठरवून आलो होतो. तिने काहीच विचारलं नाही. पाणी गढूळ होतं. सगळं प्यालो.
"आनखी देऊ का?" ती म्हणाली.
हो म्हटलं.