डोंगर सव्वाशे मीटर सरकतो

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वह्या गेल्या. सतराच्या सतरा. रिक्षातून!

पस्तीस वर्षं ह्यांनी त्या मेणकापडात गुंडाळून ठेवल्या. मला हात धुतल्याशिवाय उघडू दिल्या नाहीत. आज त्या एका मुलाच्या मांडीवर बसून चंदनसारला गेल्या – वर वडापावची पिशवी.

मुलाचं नाव स्वरूप. नकाशे बनवणाऱ्या कंपनीत 'टीम लीड' आहे. टीम म्हणजे तो आणि नेत्रा नावाची मुलगी. ती होळी गावची, घरी भाजीची वाडी आहे म्हणाली. दोघं मिळून तुंगारेश्वरच्या जंगलाचा डिजिटल भूशास्त्रीय नकाशा करणार. कुठे कुठला खडक, कुठे भेग, कुठे पाणी मुरतं – बोट लावलं की माहिती वर येणार. हे कॉलेजात भूशास्त्र शिकवत आणि रविवारी तेच डोंगर पायांनी फिरत. प्रत्येक ठिकाणी थांबून नोंद. त्या नोंदी कंपनीला हव्यात. फुकट. बदल्यात नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ – 'क्षेत्रनोंदी : प्रा. हरिश्चंद्र चुरी'.

एवढ्यासाठीच दिल्या. हे जानेवारीत गेले. त्यांचं नाव आता लाइटच्या बिलावर आहे, दुसरं कुठे नाही.

मी पावती मागितली. स्वरूप हसला, म्हणाला काकी, विश्वास ठेवा ना यार. छत्तीस वर्षं मी मोजणी खात्यात नकाशे ट्रेस केले. 'यार'वर कुणाचा एक बांधसुद्धा सोडला नाही. पावती घेतली.

४ नोव्हेंबर

कपाटाचा एक खण रिकामा. तिथे काय ठेवायचं सुचत नाही. काहीच ठेवलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हाताला सवय! सकाळी साडेपाचला दोन भाकऱ्या, जवळ्याची चटणी, कांदा – डबा भरून झाकण लावलं आणि मग लक्षात आलं. अकरा वाजता ओटीवर बसून मीच खाल्ला.

पुतळाबाई वन्सं आल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण. वर्ष व्हायच्या आत घर आवरायला हवं म्हणतात. आवरायचं म्हणजे ओटीवरचे दगड. प्रत्येक फेरीत हे एक दगड आणायचे आणि त्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घालायचे. सहाशेच्या वर आहेत. वन्सं म्हणाल्या, 'बावखलात टाक. नाहीतरी तुमचं बावखल बिल्डर बुजवणारच आहे, तेवढीच भरणीची मदत.' त्यांच्या वाटणीचं बावखल, वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बुजवून तीन वर्षं झाली. तिथे आता सात मजले आहेत आणि पावसात तळमजल्यावर बेडूक.

दगड पुसले. शेवटच्या दोन वर्षांतले पुसायला सोपे. गुळगुळीत. आधीचे हातोडीने फोडलेले, धारेला बोट कापतं.

जाताना वन्सं दरवेळचं वाक्य म्हणाल्या – काही दुखणं नाही, खुपणं नाही, आदल्या रविवारपर्यंत डोंगर चढला माझा भाऊ. हे वाक्य मूळचं माझं आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. तेराव्याला तर चार-पाच वेळा. नथू तेवढा मान खाली घालून बसला होता. जंगलाच्या गेटवरचा रखवालदार. ह्यांच्यावर फार जीव.

१९ नोव्हेंबर

चंदनसारला कंपनीत गेले. खाली जिम, वर भूशास्त्र. एसी इतका की पदर गुंडाळून बसले.

स्वरूपने ड्रोनचं चित्रण दाखवलं. दोन दिवस उडवला. त्यात झाडं दिसतात. भरपूर झाडं. जंगल आहे ना! झाडांच्या खाली खडक असतो आणि तो बघायला खाली वाकावं लागतं, हे ड्रोन विकत घेतल्यावर लक्षात आलं त्यांच्या. म्हणून ह्यांच्या वह्या.

पायीही गेले होते म्हणे एकदा. देवळाजवळ माकडाने टॅबलेट ओढला. स्क्रीनला तडा गेलाय. त्या तड्याकडे बोट दाखवून मी विचारलं, ही भेग पण नकाशात येणार का? नेत्रा हसली. स्वरूप नाही हसला.

नेत्राचं काम चांगलं आहे. ह्यांचं अक्षर तिला लागतं. एकेका नोंदीचे अक्षांश-रेखांश वाचून भरते, पडद्यावर एक लाल ठिपका उमटतो. मी तीस ठिपके पाहिले. मग डोळ्यांत एसीचा वारा जाऊ लागला, म्हणून निघाले.

२६ नोव्हेंबर

आल्या आल्या लिहिते.

स्वरूपने बोलावून घेतलं. मोठ्या आदराने. आधी चहा. मग – काकी, डेटा मॅच नाही होत. वहीत लिहिलंय 'ओढ्याच्या पात्रात, काळा खडक, पाणी', आणि ठिपका पडतो चढावर, ओढा राहतो बाजूला. वहीत लिहिलंय 'कड्याच्या टोकावर' आणि ठिपका कड्याच्या खाली हवेत. एक नाही, दोन नाही, सगळेच. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, 'काकी, बुरा मत मानो. जुन्या पिढीत चालायचं असं. थोडं फिरायचं, बाकी घरी बसून लिहायचं.'

वह्या वापरणार नाहीत. नाव येणार नाही.

मी उठले. चपला घालत होते तेव्हा दाराआडून ऐकलं. कुणाला तरी फोनवर सांगत होता – 'नाव हरिश्चंद्र, आणि बोलबच्चन बघ!'

२७ नोव्हेंबर

घरी बसून! हे घरी बसले असते तर मी पस्तीस वर्षं रविवारी एकटी जेवले नसते.

३० नोव्हेंबर, रविवार

डबा भरला नाही. ह्यांचं जुनं टोपोशीट काढलं, डोंगर-ओढे दाखवणारा सरकारी नकाशा. घड्यांवर फाटलेलं, मागून मीच मलमलीच्या पट्ट्या लावलेल्या. नेत्राने परवा गुपचूप सगळ्या ठिपक्यांची आणि नोंदींची प्रिंट पाठवली होती. जेवणाच्या टेबलावर दोन्ही पसरले. मागच्या चाळीतल्या खुशीकडून ट्रेसिंग पेपर आणला, तिला आठवीला भूगोल आहे.

दुपारी तीनपर्यंत नोंद आणि ठिपका, नोंद आणि ठिपका. पन्नास झाल्यावर हसूच आलं.

जो माणूस घरी बसून थापा लिहितो तो कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. इथे प्रत्येक ठिपका आग्नेयेला सरकलेला. प्रत्येक. आणि प्रत्येक वेळी तेवढाच – शंभर-सव्वाशे मीटर. माणूस इतक्या शिस्तीत खोटं बोलूच शकत नाही.

मोजणी खात्यात हे दर दोन महिन्यांनी व्हायचं. जुनी मोजणी एका खुणेपासून, नवी दुसऱ्या खुणेपासून, आणि दोघे भाऊ कोर्टात. टोपोशीटचंही तसंच. जुन्या टोपोशीटने पृथ्वीचा आकार एक धरला, मोबाइलने दुसरा धरला. एकाच जागेचे आकडे दोन्हींत वेगळे. जुने आकडे नव्या नकाशात टाकण्याआधी बदलून घ्यावे लागतात. ह्यांनी तर पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवलंय – 'सर्व स्थाने टोपोशीटवरून.' पण पहिलं पान कोण वाचतो. टीम लीडचं ते काम नाही.

३ डिसेंबर

आज मी आदराने वागले. चहा पण घेतला. मग ठिपके उतरवलेला ट्रेसिंग पेपर त्यांच्या प्रिंटवर ठेवला आणि दोन बोटांनी वायव्येला सरकवला. ओढ्यातले ठिपके ओढ्यात. कड्यावरचे कड्यावर.

स्वरूपने कागद स्वतः एकदा सरकवून पाहिला. मग म्हणाला, ॲक्च्युअली हे आम्ही करणारच होतो.

मी म्हटलं, 'हो. डोंगर सरकायची वाट बघत असाल.'

नेत्रा पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

८ डिसेंबर

नेत्राचा फोन. सगळ्या नोंदी बदलून टाकल्या. सहाशे बारा ठिपके, सगळे जागच्या जागी. 'काकी, काकांनी होकायंत्र आणि पेन्सिलीवर केलंय हे. मला तर देऊळ शोधायला मॅप लागतो.' गोड मुलगी आहे.

एक किरकोळ गोष्ट विचारली. सतराव्या वहीतले एक्केचाळीस ठिपके चौथ्या वहीतल्या ठिपक्यांवर नेमके बसतात. एकावर एक. कॉम्प्युटर त्यांना डुप्लिकेट म्हणतो आणि उडवू का विचारतो. मी म्हटलं, अजिबात नाही! माणूस जुन्या जागी पुन्हा जात नाही का? देवळात रोज जातात ते काय डुप्लिकेट? ती म्हणाली, बरं काकी, ठेवते.

कॉम्प्युटरला काय कळतं.

१४ डिसेंबर

सध्या माझी चैन आहे. स्वरूप मला 'मॅडम' म्हणतो. वन्संना सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आकड्यांसकट. त्या म्हणाल्या, मग दगड राहू देत महिनाभर. हे त्यांच्याकडून वीरचक्र!

नकाशा देण्याआधी कंपनी चार-पाच ठिकाणं प्रत्यक्ष तपासणार. मी येते म्हटलं. वन्संना पटलं नाही. वर्षाच्या आत बाईने डोंगर चढायचा? मी म्हटलं, मी देवाला नाही, ठिपक्याला जाते आहे.

४ जानेवारी २०२६, रविवार

जाऊन आले. गुडघे माझे राहिले नाहीत.

स्वरूपच्या पायांत आठ हजारांचे बूट. दोनदा घसरला. मी ह्यांची काठी नेली होती. नोंद क्रमांक २१२ – 'ओढ्याच्या उजव्या काठी काळ्या दगडाची उभी भिंत, रुंदी चार पावलं.' टॅबलेटने 'पोहोचलात' म्हणून आवाज केला आणि समोर भिंत! स्वरूपने पावलं टाकली. चार. नेत्राने शेवाळ खरवडलं तर खाली हातोडीचा घाव, बशीएवढा. तिथला तुकडा माझ्या ओटीवर आहे. मागच्याच आठवड्यात पुसला.

स्वरूप हळू आवाजात म्हणाला, 'सॉरी मॅडम. त्या दिवशी मी जे बोललो...' मी म्हटलं, चढ उतरताना बोलू नका, पुन्हा घसराल.

सतराव्या वहीतलं ठिकाण तपासायचं राहिलं. अंधाराच्या आत खाली यायचं होतं.

गेटवर नथू उभा होता. वैनी, बसा, पानी घ्या, म्हणाला. काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण गाडी सुरू झाली होती. पुढच्या रविवारी येते म्हटलं. डबा घेऊनच येते. मोठ्या तोऱ्यात सांगितलं त्याला – तुझ्या साहेबांचा ठिपका न ठिपका खरा निघाला रे. तो गेट उघडायला वळला.

११ जानेवारी, रविवार

डबा घेऊन गेले. गेटपाशी आंब्याखाली सिमेंटचं बाकडं आहे. नथू म्हणाला, 'साहेब हितं बसत. शेवटचे दोन पावसाळे वर गेलेच नाय. डाक्टरने चढ बंद केला व्हता. जुन्या वहीतून नव्या वहीत लिवत. डबा खात. जाताना ओढ्यातला एक दगड उचलत. म्हनाले, वैनीला सांगू नको. डबा बंद होईल.'

एक्केचाळीस रविवार. घरी बसून नव्हे – गेटवर बसून.

तिथूनच नेत्राला फोन केला. ते एक्केचाळीस उडव, म्हटलं. का काकी? म्हटलं, त्या दिवशी ते वर गेले नव्हते. स्वरूपला पण सांग. ती म्हणाली, बाकी पाचशे एकाहत्तर आहेत काकी, नाव तर येणारच.

नथूने आणि मी डबा खाल्ला. बाकड्यावरून सगळा डोंगर दिसतो.

परवा वर्षश्राद्ध. वन्सं दगडांचं विचारतील. ते एक्केचाळीस ओटीवरच राहतील. पुसायला सोपे आहेत.