बोल्ट बसवलेली माउझर

२१ सप्टेंबर

दस्त्यावरच्या या सात खाचा कुणी कोरल्या? तुर्की माउझर रायफल. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मेलेल्या शिपायाच्या हातातून एका किवी, म्हणजे इथल्याच, सैनिकानं ओढून आणलेली. मोजणारा कोण — मेलेला की ओढणारा? सात माणसं असतील. त्यांना नावं असतील!

चंद्रहासकाका हसतात. "अगं, खाचा म्हणजे शोभा. तू नावं कसली शोधतेस?" त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहते. कपाटात जपानी, रशियन, ब्रिटिश रायफली. प्रत्येकीचा इतिहास मी शोधायचा, असं ठरलंय.

२४ सप्टेंबर

आईचा फोन. "घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि परक्यांच्या बंदुका पुसते!" पुसत नाही गं. वाचते.

सुलभाकाकूंचं मनगट काळंनिळं. "दार लागलं." मागच्या महिन्यातही दारच होतं.

२८ सप्टेंबर

काकांचं बंदुकांचं लायसन्स रिन्यू व्हायचंय. पोलिसांकडून बाई येणार, घरातल्यांना विचारणार. "तू शिकलेली. छान इंग्लिशमध्ये सांग — हॅपी फॅमिली."

मी हो म्हटलं. का म्हटलं?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

घडलं तसं लिहिते.

इथल्या कायद्यानं बोल्ट वेगळे, कुलपात ठेवायचे. बोल्ट काढला की रायफल नुसती काठी. पण पूजेला काका म्हणाले, "अर्धं शस्त्र पुजत नाहीत!" सगळे बोल्ट बसवले.

काकूंनी माउझरला हळदकुंकू लावलं. बोट ओलं होतं. कुंकू खाचांत उतरलं.

"शंभर वर्षांचं लाकूड! अक्कल गहाण टाकलीस?" काका ओरडले.

त्याच दस्त्यानं मारलं. खांद्यावर. हाड मोडलेलं ऐकू आलं. काकू समईवर कोसळल्या, तरी पुन्हा मारलं. मी मध्ये धावले तर नळी माझ्या पोटाला लागली. "मागे हो." आत गोळी होती का? माहीत नाही.

मग त्यांनी फडकं घेतलं. आधी दस्ता पुसला! काकू फरशीवर, कपाळ फुटलेलं.

"हॉस्पिटलात ने हिला. जिन्यावरून पडली म्हण."

या घराला जिनाच नाही. तरी मी तिथे तसंच सांगितलं. शी!

२ ऑक्टोबर, दसरा

काका मंडळात गेले, सोनं वाटायला. काकू पडून. हात गळ्यात. "त्या बाईला चांगलंच सांग हं. या वयात कुठे जाऊ मी?"

बोल्ट अजून बंदुकांतच होते. एकेक काढला, लाडवांच्या रिकाम्या डब्यात भरला. काकू बघत होत्या. मग उठल्या आणि एका हातानं चपला घालायला लागल्या.

डबा पोलीस स्टेशनच्या काउंटरवर ठेवला. घडलं ते सगळं सांगितलं, माझं खोटंही. तिथल्या माणसानं काकूंकडे पाहिलं. "हॉस्पिटलात सांगितलं तसं, तुम्ही जिन्यावरून पडलात का?" त्यानं विचारलं.

काकू म्हणाल्या, "आमच्याकडे जिना नाही."