काचेचं कवेलू

गुरुजी, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजलं नाही. आज बोलायचं आहे ते तुमच्या काचेच्या कवेलाबद्दल. आपल्या शाळेची ती एकच खोली, खिडक्या एकाच बाजूला, मागची पोरं कायम अंधारात. तुम्ही यवतमाळहून एसटीत मांडीवर धरून काचेची दोन कवेलं आणली आणि छपरातली दोन मातीची कौलं काढून तिथं बसवली. उजेडाचा चौकोन जमिनीवर सरकायचा, तसे तुम्ही आम्हा मागच्या पोरींना पाटीसकट सरकवायचे. मी त्यात हात घालून सावलीचा कुत्रा केला, तर म्हणालात, "हा उजेड खेळाले नाही आणला, वाचाले आणला." दुसरीतच बापानं मला कापूस वेचायला नेलं. झालं माझं वाचून.

यंदा कापसाला भाव नाही. विकवत नाही, ठेवायला जागा नाही. घरं छतापर्यंत भरली, तेव्हा माझ्या पोरानं आणि आणखी दोघातिघांनी शाळेच्या खोलीतही कापूस भरला. खिडक्या बुजल्या. उरलेल्या जागेत माझी नात कापसानं सुटलेलं अंग खाजवत चौथी शिकते, वाचायला तुमची कवेलं तेवढी. परवा अवकाळी पाऊस झाला, काचेच्या कडेनं पाणी गळलं. लगेच सगळे कापूसवाले तुमची कवेलं काढून तिथं टिनाचा पत्रा टाकायला निघाले. मी पोराला म्हटलं, "कापसाले उजेड लागत नाही, पोराईले लागते."

"माय, कापूस काळा पडला तर खाशीन काय? तुह्या गुरुजीचा उजेड?"

मला तोंड कमी नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या ढिगातला कापूस मीही वेचलेला. छपरावर टिन चढलं. आता पोरं भरदिवसा चाचपडतात. मास्तर दार उघडं ठेवतो, तर शेळ्या कापसात शिरतात, म्हणून तेही लावून घ्यावं लागतं.

काढताना एक कवेलू फुटलं. दुसरं पोरानं जपून आणून दिलं, ते मी माझ्या चुलीवरच्या छपरात बसवलं. नात विचारते, "आजी, हे शाळेत काहून नाही लावत?" मी तिच्यापुढं भाकर सरकवते.

हा कागद धाडणार कुठं? चुलीत जाईल. नात आत्ता त्या बंद खोलीत बसली आहे. आणि मी इथं, तुमच्या उजेडात, एकेक अक्षर जुळवत बसले आहे.