मागल्या दारापर्यंतचे रूळ

मी, वेंकूबाई, कै. गुरुमूर्तीराव यांची विधवा, वय त्रेसष्ट, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्यात त्यांची अट नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात दुसरे आहे कोण? मी आणि माझी मुलगी राजम.

१. राहते घर राजमचे. ती शाळेत शिकवून आल्यावर दहा वर्षे हे घर सांभाळते आहे. मुलगा वेंकटेश मद्रासला आहे. घरावर हक्क सांगणार नाही असे त्याने लिहून दिले आहे. सुनेने दिलेले नाही, पण तिची सही लागत नाही.

२. पोस्टातली शिल्लक दोघांत निम्मी. माझ्या बांगड्या राजमला. यजमानांचा कोट वेंकटेशने न्यावा; त्याला तो आता बसेल.

३. शेजारचे बाळकृष्णराव यांच्याकडे आमचा भोके पाडायचा गिरमिट १९५६ पासून आहे. तो त्यांनाच दिला असे समजावे. मागायला जायचे त्राण माझ्यात नाही.

४. पितळी इंजिन, त्याचे रूळ, बॅटऱ्या, बटणाची पेटी आणि तारा जोडायला डाख लावायची माझी सगळी हत्यारे माझा धाकटा भाऊ राजगोपाल, रेडिओ दुरुस्तीवाला, याला द्यावीत. का, ते लिहिणे भाग आहे.

यजमान रेल्वेत सिग्नलचे फिटर होते. १९५५ साली खांबावरून पडले आणि कमरेखालचे अंग गेले. हे हातभर लांबीचे इंजिन त्यांनी त्याआधी सुट्टीच्या दिवशी बसून केले होते. पडल्यावर ते माळ्यावर गेले. दोन वर्षांनी मी ते खाली काढले तेव्हा म्हणाले, "ठेव वर. मेलेल्या माणसाचं खेळणं आहे ते."

मी म्हटले, "मेलेल्या माणसाला तीनदा जेवायला वाढून माझे हात दुखतात. निदान कॉफी तरी हे घेऊन येईल."

राजगोपालने मला डाख लावायला शिकवले. बिनतारी इशाऱ्याच्या सरकारी परवान्यासाठी खेटे घातले. हवेतून इशारा धाडणारी पेटी आणि तो इशारा झेलून मोटर चालू-बंद करणारा रिले त्याने करून दिला. पेटीवरचे बटण एकदा दाबले की इंजिन निघे, पुन्हा दाबले की थांबे. पेटी यजमानांच्या उशाशी असे. पहिल्यांदा मोटरीच्या ठिणग्यांनी रिले बिचकत असे आणि इंजिन मनाला येईल तसे सुटे. मी ब्रशांना कंडेन्सर जोडले, मोटरीभोवती कॉफीच्या डब्याचा पत्रा गुंडाळला. मग ते ऐकू लागले. स्वयंपाकघरातून त्यांच्या खाटेपर्यंत टंबलर न सांडता यायचे.

१९५८च्या आषाढात त्यांनी मागितले, "रूळ मागल्या दारापर्यंत वाढव." पडल्यापासून त्यांनी काही मागितले ते हे पहिलेच. मी आनंदाने आठ दिवस खपले. मागल्या दारी पायरीखाली धुण्याची दगडी तोट्टी आहे, पाण्याने भरलेली. तिसऱ्याच दिवशी इंजिन रूळ संपल्यावरही थांबले नाही आणि तोट्टीत गेले.

"राजगोपालचा रिले चिकटला," यजमान म्हणाले.

मी तशीच दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाले, "त्यांना एकच गोष्ट उरली होती, तीही तू बुडवलीस."

तो म्हणाला, "अक्का, एकदा उघडून बघ." मी बघितले नाही. त्याला घरी पाय ठेवू नकोस म्हणून सांगितले.

महिन्याने दुरुस्तीला बसले तेव्हा रिलेची डबी उघडली. त्याने झाकण मेणाने असे बंद केले होते की आत थेंब गेला नव्हता. ताजी बॅटरी लावून शंभरदा बटण दाबले. शंभरदा रिले न चिकटता सुटला.

मी खाटेजवळ गेले. "तुम्ही थांबवलंच नाहीत ना?"

ते म्हणाले, "मला जायचं होतं. जाता येत नाही, म्हणून ते पाठवलं."

मी कॉफी केली. दुसरे काय करणार? नंतर चार महिने खपून सगळी जोडणी बदलली. बटण दाबून धरले तरच इंजिन चालेल, सोडले की जागीच थांबेल. रुळाच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. खुंटीला लागले की ते उलटे फिरे.

"अंगठा दुखतो," ते म्हणाले.

"दुखू द्या."

१९६४पर्यंत त्यांनी ते रोज चालवले. शेवटी झोपेत गेले.

भावाला खरे सांगितले असते तर गल्लीभर त्यांची लाज गेली असती. ते गेल्यावर तीनदा दुकानापर्यंत गेले. तीनदा सेल विकत घेतले आणि परत आले. तो पुडी बांधून द्यायचा. दोष त्याचा नव्हता. माझा होता, आणि मी तो आठ वर्षे त्याच्या माथी ठेवला. त्याने माफ करावे अशी अट नाही.

५. माझे दिवस थोडक्यात करावेत. राजमने रजा वाया घालवू नये.

६. हे कलम आज, सहीच्या दिवशी, वाढवते. काल राजमकडून राजगोपालला बोलावले आणि चौथे कलम त्याच्या हातात दिले. त्याने कागद उलटसुलट केला. "अक्का, मला तमिळच वाचता येतं," म्हणाला. तोंडाने सांगायला नको म्हणून लिहिले होते, ते सगळे तोंडाने सांगावे लागले.

तो म्हणाला, "ठाऊक होतं मला. रिले माझाच आहे तो."

"मग बोलला का नाहीस?"

"भावोजींवर रागावून तू त्यांना जेवायला वाढणार कशी होतीस?"

मग त्याने मोटर उघडली, ब्रश झिजलेत म्हणाला, आणि इंजिन सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन गेला. तेव्हा चौथ्या कलमातले इंजिन मी हयात असतानाच पोचले. ते कलम खोडू का, असे वकिलांना विचारले. राहू द्या, म्हणाले.

वेंकूबाई गुरुमूर्तीराव (सही)

बाईंनी आमच्या समक्ष सही केली. आम्ही त्यांच्या समक्ष केली. आम्हा दोघांना या कागदाने काहीही मिळत नाही.
१. डॉ. सुब्रमण्यम (सही)
२. मंगला नामदेवराव, शिक्षिका (सही)

तंजावूर, दि. १४ सप्टेंबर १९६६