एकक न लिहिलेली खोली

४ मार्च, सोमवार
नोकरी लागली! चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले, आता तेच सांभाळायचे. कंपनी नव्या जागेत गेलीय. या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी, एक संगणक आणि तीस वर्षांच्या फायली. जुन्या प्रोग्राममध्ये अडकलेला नकाशा उघडायचा, टिकाऊ स्वरूपात उतरवायचा, तीन प्रती ठेवायच्या. शंभर वर्षांनीही उघडला पाहिजे, असं कंपनीच्या बाईंनी बजावलं आणि किल्ल्या देऊन त्या गेल्या. खाली वॉचमन आहे, भलता बोलघेवडा. पहिल्याच दिवशी माझ्या गुडघेदुखीपर्यंत पोचला. खिडकीतून उजेड छान येतो, खुर्ची वरखाली होते. आणखी काय पाहिजे?

लेकीचं पालुपद चालूच आहे. बाबा, इकडे राहायला या, तुमची खोली तयार ठेवलीय. तिची आई गेल्यापासून हेच. महिनाअखेर सांगतो म्हटलं.

६ मार्च, बुधवार
रोज सकाळी संगणक प्रत्येक फाईल तपासतो. एक रेघ जरी हलली, तरी नाव लाल होतं. मला असली शिस्त आवडते. हाताखालच्या पोरांना मी एकक न लिहिलेलं माप कधी चालू दिलं नाही.

वॉचमनची आज बदली झाली. त्याच्या जागी दारावर कार्ड ओळखणारं यंत्र बसवलंय. ते ‘पीं’ करतं. तेवढीच ख्यालीखुशाली.

८ मार्च, शुक्रवार
एक फाईल लाल. गंमत म्हणजे आपल्याच इमारतीची. तिसऱ्या मजल्याच्या आराखड्यात एक नवा चौकोन आलाय, जेमतेम खुर्चीएवढा. आत लिहिलंय, ‘खोली १’. एवढ्याशा चौकोनाला खोली म्हणणाऱ्याची कमालच आहे. मूळ प्रत परत आणून ठेवली.

११ मार्च, सोमवार
चौकोन परत आला. संगणकाच्या नोंदीत शनिवारी ‘खोली २’, रविवारी ‘खोली ३’, आणि आज तीनच. कोणी घुसून चेष्टा करतंय म्हणावं, तर कार्ड माझ्या एकट्याकडे.

काल संध्याकाळी लेकीचा फोन येऊन गेला. बरं वाटलं. त्याआधी तीन दिवस माझा आवाज मीच ऐकला नव्हता.

१४ मार्च, गुरुवार
‘खोली ६’. चौकोनाची जागा मोजून पाहिली. माझ्या टेबलापाशीच येते. खुर्ची वरखाली करणारा दट्ट्या गेलेला दिसतो, टेबल उंच वाटतंय.

(संध्याकाळी) लेकीने मध्येच फोन केला. मी कामाच्या तंद्रीत तुसडेपणाने बोललो. आधी काम, मग बघू, म्हणालो. ती म्हणाली, “बरं बाबा. आता तुम्हालाच वाटेल तेव्हा तुम्ही फोन करा.”

१५ मार्च, शुक्रवार
आज सहाच. वाढ नाही. ही वही मागे चाळली. ज्या दिवशी कोणाशी बोललो, त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा थांबलाय. नाहीतर रोज एकाने वाढलाय.

काहीतरीच. तरी खात्री करायला हवी. बाईंना फोन लावला, रेकॉर्ड केलेला आवाज लागला. त्याला नमस्कार म्हटलं. न्हाव्याकडे गेलो. त्याने कानात गाण्यांची बोंडं घातली होती. केस मात्र छान कापले.

१६ मार्च, शनिवार
सात.

लेकीला फोन लावायचं मनात आलं. पण आपणच तोडून बोललो, आता कोणत्या तोंडाने —

१८ मार्च, सोमवार
नऊ.

एवढी वर्षं नकाशे काढले आणि डोक्यात आलं नाही. आराखडा म्हणजे वरून बघणं. वरून खड्डाही चौकोनच दिसतो. ही राहायची खोली नव्हेच. ही खोली म्हणजे किती खोल ते. आणि एकक लिहिलेलं नाही.

टेबलाची कड बोटांनी मोजली. नऊ बोटं वर गेलीय. दट्ट्या शाबूत आहे.

मग मी शहाणपणा केला. आकड्यापुढे स्वतःच ‘बोटे’ लिहिलं. बोटांनी वाढून वाढणार किती? फाईल सेव्ह केली. मला कोरी जागा बघवत नाही, हे त्या खोलीला माहीत —

१९ मार्च, मंगळवार
‘बोटे’ खोडलंय. तिथे ‘१० पुरुष’.

लहानपणी विहीर मोजायचे, ते माप. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभा माणूस. दहा —

इमारतीचा छेद, म्हणजे ती उभी चिरून दाखवणारा नकाशा, पहिल्यांदाच उघडला. खुर्चीखालून सरळ खाली गेलेली पोकळी. तळाशी मापासाठी काढतात तसा एक माणूस. उभा नाही. खुर्चीत बसलाय. मांडीवर वही.

बस झालं. लेकीला हो सांगतो. आजच. मला माणसांत राहायचंय, तिच्याजवळ राहायचंय. आधीच सांगायला हवं होतं. एवढं पान संपवलं की फोन लावतो. फक्त हे एवढं —

खुर्ची हलली.

उजेड कमी झाला. खिडकी — खिडकी छतासारखी डोक्यावर दिसतेय. लहान.

फोन वाजतोय. तीच असणार. रुसवा सोडून तिनेच केला.

फोन टेबलावर आहे. टेबल खूप वर आहे.

हात वर करून उभा राहिलो. एक पुरुष.

अजून वाजतोय. बाळा, ठेवू नकोस, मी येतो म्हणणारच होतो, मी इथे खा—